गोष्ट मरणावर थांबवायची नाही

माझ्या कादंबरीतला मारेकरी रोज संध्याकाळी आमच्या घरी दहीभात जेवायचा. कागदावरच जेवायचा, पण जेवल्याशिवाय त्याची सुटका नव्हती. सासऱ्यांनी तसा नियमच घालून दिला होता.

मी मूळची कऱ्हाडची. लग्न करून चेन्नईजवळच्या आवडी गावाला आले ती एका तंजावरी मराठी घरात. सासरे, म्हणजे अप्पा, संरक्षण खात्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून ते स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. नवरा ओरगडमला, ट्रकच्या कारखान्यात. सकाळी कंपनीच्या बसने जातो तो दिवेलागणी उलटून गेल्यावर घरी येतो. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही तिघंच, मी, अप्पा आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात. या दोघांचं मराठी ऐकून सुरुवातीला मी चाट पडले होते. 'मज', 'कोठे', 'बेस' हे शब्द मी शाळेच्या पुस्तकाबाहेर कधी ऐकले नव्हते, आणि इथे ते कुकरची शिट्टी मोजताना वापरात होते, वर दर दोन वाक्यांमागे एक तमिळ शब्द. अप्पा माझ्या बोलण्याला 'तुमचं देशावरचं मराठी' म्हणायचे. त्यात थोडा आदर होता आणि बरीचशी थट्टा.

मी रहस्यकथा लिहिते. त्या वेळी पुण्याच्या एका गोष्टी ऐकवणाऱ्या अ‍ॅपसाठी भागाभागाने कादंबरी लिहीत होते. सुपारी घेऊन माणसं मारणारा एक माणूस, चेन्नईत राहणारा, कुणाच्या नजरेत न भरणारा. त्याला मी नाव दिलं नव्हतं. तो लोकलने फिरतो, सगळ्यांसारखी रबरी चप्पल घालतो, आणि मागून येऊन नायलॉनच्या दोरीने काम उरकतो. तिकडची संपादक मुलगी दर भागाला बजावायची, 'ताई, शेवटी श्रोत्याचा श्वास अडकला पाहिजे.' मीही इमानेइतबारे श्वास अडकवत होते. भाग संपायचा तेव्हा कुणाच्या तरी पाठीमागे तो उभा असायचाच.

अप्पांची नजर अधू झाली होती. एके संध्याकाळी बाल्कनीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, की दिवसभर एवढं काय बडवत असतेस त्या कीबोर्डवर. मी पहिला भाग वाचून दाखवला. एक सराफ लिफ्टमध्ये शिरतो, त्याच्या मागून तो शिरतो, लिफ्टचं दार बंद होतं. संपलं. मी कागद आवरले.

'अप्पुरम?' अप्पा म्हणाले. तमिळमध्ये गोष्ट ऐकणारं लहान पोरसुद्धा हेच विचारतं, मग पुढे?

'पुढचा भाग गुरुवारी.'

अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना पानावर बसवून भात वाढायचाच विसरले होते. मग त्यांनी मला सांगितलं. त्यांचे वडील तंजावरला कीर्तन करायचे. त्यांचा एक दंडक होता. गोष्ट मरणावर किंवा मरणाच्या उंबऱ्यावर थांबवायची नाही. मधे पाणी प्यायला थांबायचं असेल तरी आधी कथेतलं लेकरू घरी पोचवायचं, जखमीला छपराखाली न्यायचं, कुणाच्या तरी पानावर दोन घास पडू द्यायचे, आणि मग तांब्या उचलायचा. ऐकणाऱ्याला संकटात सोडून उठलं की ते संकट ऐकणाऱ्याच्या मागे घरी जातं. एकदा पावसाने मंडप कोसळला आणि राजपुत्र रणांगणात घायाळ पडलेला तसाच राहिला. माणसं भिजत कीर्तनकाराच्या दारात आली आणि राजपुत्राला आईच्या मांडीवर पोचवल्याशिवाय एकही जण हलला नाही.

'पण अप्पा, ही रहस्यकथा आहे,' मी म्हटलं. 'इथे सगळा धंदाच संकटात सोडण्याचा असतो.'

'तुझा धंदा पुण्याला चालव,' अप्पा म्हणाले. 'येथे ऐकणारा मी आहे. सराफ जगला की मेला?'

'मेला.'

'बरं. तो मेला. मग हा कोठे गेला? जेवला का?'

मला हसू आलं आणि थोडा रागही आला. तरी मी तोंडी पुढचं सांगितलं. काम झाल्यावर तो जिन्याने उतरला, बसस्टँडजवळच्या खानावळीत गेला, दहीभात आणि लिंबाचं लोणचं घेतलं, शेवटी पान चाटूनपुसून साफ केलं. अप्पांनी मान हलवली. 'सरी, बेस. आता दिवा लाव.'

तेव्हापासून प्रत्येक भागाला मी एक जास्तीचं पान लिहायला लागले. पुण्याला जायचा तो भाग श्वास अडकवून संपायचा, आणि त्यापुढचं हे पान फक्त घरी वाचलं जायचं. आधी मी ते कंटाळत, पाट्या टाकल्यासारखं लिहायची. पण रोज एका माणसाला जेवू घालायचं म्हटलं की त्याच्याविषयी बरंच काही कळायला लागतं. त्याला वांगी आवडत नाहीत, हे मला त्या पानांनी सांगितलं. तिरुवल्लूरला त्याची एक बहीण आहे आणि तो तिला चुकूनही भेटत नाही, हेही. अप्पा तर त्याच्या जेवणाची चौकशी अशी करायचे, की मला वाटायचं एखाद दिवशी त्याच्या नावाने एक वाटी बाजूला काढायला सांगतील.

अम्मांना मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. तिन्हीसांजेला घरात माणसं मारायची नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी कागद हातात घेतले की त्या स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायच्या. चटणी झाली तरी मिक्सर चालूच असायचा. मी आवाज चढवायची, त्या मिक्सरचा वेग वाढवायच्या, आणि मधे अप्पा शांतपणे म्हणायचे, 'अप्पुरम?'

याच सुमारास अप्पांना जिना चढताना धाप लागायला लागली. एकदा स्टेशनच्या पुलावरच खाली बसले. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप आकसली होती. छाती उघडून ती बदलायची, नाहीतर कधीही काहीही होऊ शकतं, असं सर्जननी सांगितलं. वय पाहता ऑपरेशनमध्येही धोका आहे, हे त्यांनी लपवलं नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फिल्टर कॉफी चालेल ना. सर्जन हसले. अम्मा हसल्या नाहीत.

तेव्हा माझी कादंबरी शेवटाला आली होती. मारेकऱ्याला शेवटचं काम मिळालं होतं. एका जमिनीच्या खटल्यात साक्ष देणार असलेला निवृत्त म्हातारा, एकटाच राहणारा. हे मी आजारपणाच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. पण आता ते वाचायची वेळ आली आणि मी पहिल्याच ओळीनंतर थांबले.

'याचं वय काय?' अप्पांनी विचारलं.

'तुमच्याएवढं,' मी म्हटलं. 'अप्पा, मी बदलते. म्हातारा काढून टाकते, एखादा बिल्डर घालते.'

'बदलू नको,' अप्पा म्हणाले. 'जे आहे ते वाच. फक्त मध्येच सोडू नको.'

स्वयंपाकघरात मिक्सर चालूच होता.

ऑपरेशनच्या दिवशी आमचा नंबर दुसरा होता. जेवणाच्या वेळेच्या सुमारास नेतील, असं सांगितलं होतं. अप्पा सकाळपासून हिरव्या गाऊनमध्ये पलंगावर बसून होते. छातीचे केस काढलेले, कानातली कडी, बोटातली अंगठी, सगळं काढून अम्मांच्या रुमालात बांधलेलं. इतके उघडेबोडके अप्पा मी कधी पाहिले नव्हते. अम्मा पुटपुटत जप करत होत्या. नवरा औषधांच्या खिडकीवर गेला होता.

'वेळ आहे,' अप्पा म्हणाले. 'पुढचं वाच.'

'आज नको. आल्यावर वाचू.'

'आल्यावर वाचण्यासारखं पुढे आणखी असेलच की. अत्ता हे वाच.'

मी फोनवर भाग उघडला. प्रसंग लिहून झाला होता, पुढचं जास्तीचं पान अजून लिहायचं होतं. ते तोंडी सांगू, वेळ भरपूर आहे, असा मी हिशेब केला. हा हिशेब आमच्याच घरातलं माणूस करू शकतं. दुसऱ्या कुणी त्या खोलीत असला भाग उघडलाच नसता.

वाचायला लागले. सकाळची वेळ. म्हातारा स्वयंपाकघरात, पाठ दाराकडे, गॅसवर दूध. मागचं दार लोटलेलंच. मारेकरी अनवाणी आत येतो. दोन्ही हातांना दोरीचे वेढे घेतो. म्हातारा पितळी डबऱ्यात, कॉफीच्या पसरट वाटीत, डिकॉक्शन ओततोय, त्याची मान वाकलेली आहे. मारेकरी हात उचलतो.

आणि दार उघडून नर्स आली. मागे ट्रॉली, ट्रॉलीमागे दोघं जण. पहिल्या पेशंटला ताप भरला म्हणून त्यांचं ऑपरेशन रद्द झालं होतं. आता आमचा नंबर.

'तात्ता, चला,' आजोबांना म्हणावं तसं नर्स गोड आवाजात म्हणाली.

'ओरु निमिषम,' अप्पांनी हात वर केला. एक मिनिट.

'डॉक्टर थांबलेत, तात्ता. आज्जीशी आल्यावर बोला.'

तिला वाटलं, नवराबायकोचं काही बोलणं राहिलंय. त्या दोघांनी अप्पांना सराईतपणे ट्रॉलीवर घेतलं, चादर ओढली, कठडे वर केले. मी पुढे बोलायला तोंड उघडलं आणि मला एक शब्द सुचला नाही. रोज सुचायचं. त्या क्षणी मला खानावळ आठवेना, दहीभात आठवेना. ट्रॉली हलली. अप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

'अगे, येथे सोडू नको,' ते म्हणाले.

'नाही अप्पा,' मी म्हटलं. लिफ्टचं दार बंद झालं.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. त्या दिवशी मी हे वाक्य स्वतःला बऱ्याचदा ऐकवलं. मी विज्ञान शिकलेली बाई, झडप कशी बदलतात याचे व्हिडिओ पाहिलेली. पण डोळ्यांसमोर तो स्वयंपाकघरात हात उचलून उभा होता.

ऑपरेशन थिएटरबाहेर प्रतीक्षागृह होतं. निळ्या खुर्च्या, आवाज बंद केलेला टीव्ही, समोरच्या भिंतीवर घड्याळ. कोपऱ्यात एक पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, त्याच्यापुढे येणाराजाणारा हात जोडून जायचा. आमच्यासारखीच आणखी काही माणसं होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या. कुणा दुसऱ्याचंच नाव पुकारलं जायचं आणि आम्ही उरलेले पुन्हा खाली बघायला लागायचो.

बराच वेळ गेला. मग आतून निरोप आला, की आणखी रक्त लागेल. का लागेल, ते कुणी सांगितलं नाही. नवऱ्याचे कारखान्यातले मित्र खाली येऊन थांबलेच होते. तो त्यांना घेऊन रक्तपेढीकडे पळाला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. त्याचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता आणि मलाही.

आम्ही दोघीच उरलो. अम्मांचा जप थांबला.

'कोठे सोडलंस?' त्यांनी विचारलं.

'काय, अम्मा?'

'गोष्ट. कोठे सोडलीस?'

त्यांनी माझं मनगट धरलं.

'तो मागे उभा आहे,' त्याच म्हणाल्या. 'दोरी वर आहे. तेथे सोडलंस. आता पुढे सांग.'

'अम्मा, लिहिलेलं नाही अजून.'

'लिहायला कोण सांगतंय? सांग.'

'तुम्ही तर कधी ऐकलं नाहीत.'

'मिक्सर स्वयंपाकघरात होता, कान माझ्याजवळच होते,' अम्मा म्हणाल्या. 'सांग. म्हाताऱ्याला सोडव.'

मी सोडवायला लागले. भाग लिहिताना मला म्हातारा मारायचा होता, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता तो विचारसुद्धा नको होता. मी पटकन पहिला सुचला तो उपाय केला. दाराची बेल वाजली, पाण्याचा कॅन घेऊन माणूस आला.

'इल्लै, नाही,' अम्मा म्हणाल्या. 'बेल वाजली म्हणून हा थांबतो का? त्या वकिलाच्या घरी काय झालं? बाहेर बेल वाजत होती आणि आत याने काम संपवलं. तूच वाचलंस.'

खरं होतं. मी म्हटलं, त्याचा फोन थरथरला, काम रद्द झालं असा निरोप आला.

'कामावर तो फोन नेत नाही.'

तेही खरं होतं. दार उघडलं. आम्ही दोघी अर्ध्या उठलो. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. बसलो. मी म्हटलं, त्याला त्याची आई आठवली.

अम्मांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी ते मागे घेतलं.

मग मी वीज घालवली. स्वयंपाकघरात अंधार झाला.

'अंधार कोणाच्या फायद्याचा?' अम्मा म्हणाल्या. 'मज फसवू नको. मज फसवून चालेल, त्यांना कसं फसवशील? त्यांना पटेल असं सांग.'

मला त्यांचा राग आला. भयंकर राग आला. मी इथे काहीही बरळून म्हातारा वाचवायला तयार होते, आणि ही बाई प्रत्येक वाट अडवत होती. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, की अम्मा, कसाही वाचू दे ना, वाचला म्हणजे झालं. पण मला कळत होतं, की त्या बरोबर बोलतायत. असल्या थापांनी सुटलेला म्हातारा सुटलेला नसतोच. अप्पांनी पहिल्याच वाक्याला ओळखलं असतं.

त्यानंतर किती तरी वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. तो तसाच उभा होता. म्हाताऱ्याची मान तशीच वाकलेली होती. मी घड्याळाकडे बघत होते, अम्माही बघत होत्या. पलीकडे एक बाई डब्यातून इडली काढून मुलाला भरवत होती आणि तो तोंड उघडत नव्हता.

'दूध आहे ना गॅसवर?' अम्मांनी अचानक विचारलं.

'हो.'

'मग ते उतू येणार.'

'येऊ दे. त्याने काय होतंय?'

'म्हाताऱ्याच्या हातात काय आहे?'

'एका हातात डिकॉक्शनचं भांडं. दुसऱ्यात डबरा.'

'म्हणजे दोन्ही हात भरलेले,' अम्मा म्हणाल्या. 'मागे कोणी तरी उभं आहे, हे त्याला कळलंय. या वयात कळतं. त्याला वाटतं घरचंच कोणी. आणि दूध वर येतंय. तो काय म्हणेल?'

'काय म्हणेल?'

'गॅस बंद कर,' अम्माच म्हणाल्या. 'मागे न बघता म्हणेल. सीक्रम, लवकर गॅस बंद कर. आणि हा करेल. कोणीही करतो. दूध उतू जाताना म्हातारं माणूस ओरडलं तर हात आपोआप जातो, मारेकरी असला म्हणून काय.'

'केला बंद,' मी म्हटलं. 'मग?'

'मग काय? घरात तो कशाला हात लावत नाही ना?'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीच त्याला तसा नियम दिला होता. चेन्नईच्या उकाड्यात हातमोजे घालणारा माणूस लगेच डोळ्यांत भरेल म्हणून तो उघड्या हातांनी काम करतो, आणि म्हणून कुठल्याही वस्तूला बोट लावत नाही. दार खांद्याने ढकलतो. चुकून हात लागलाच तर ते काम सोडून निघून जातो, पुन्हा त्या घराकडे फिरकत नाही. माया नाही, उपरती नाही. फक्त धंद्याचा नियम. अप्पांना हे पटलं असतं. त्यांनी मांडीवर थाप मारली असती.

मी सांगायला लागले. दूध चढत होतं. म्हातारा म्हणाला, गॅस बंद कर. दोरीतून एक हात सुटला आणि बटणाकडे गेला. बटण फिरलं. दूध खाली बसलं. मारेकरी आपल्या बोटांकडे बघत राहिला.

थिएटरचं दार उघडलं. या वेळी सर्जन स्वतः बाहेर आले, मास्क गळ्यात, टोपीची कड घामाने भिजलेली. त्यांनी अप्पांचं नाव घेतलं. मी उठले. अम्मा उठल्या नाहीत. त्यांनी सर्जनकडे एकदाच नीट पाहिलं आणि हात वर केला.

'ओरु निमिषम, डॉक्टर,' त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. 'संपव.'

मला वाटलं, डॉक्टर रागावतील. ते रागावले नाहीत. ते तिथेच थांबले, हात पोटावर बांधून, खाली बघत. मला त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायचं होतं आणि बघायचं नव्हतं. मी बसले आणि पुढचं सांगितलं. त्याने दोरी गुंडाळून खिशात घातली. म्हातारा अजून वळलेला नव्हता, तो कॉफीत दूध घालत होता, आणखी एक पेला काढू का असं विचारत होता. उत्तर आलं नाही. मागचं दार वाजलं. म्हाताऱ्याने आपला डबरा उचलला, बाहेर येऊन खुर्चीत बसला आणि पहिला घोट घेतला. तो घोट मी त्याला घ्यायला लावलाच.

'झालं?' अम्मांनी विचारलं.

'झालं.'

'आता सांगा,' त्या डॉक्टरांना तमिळमध्ये म्हणाल्या.

डॉक्टर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर टेकून बसले. झडप बसली होती, पण हृदय पुन्हा चालू होईना. सगळे प्रयत्न केले, रक्त दिलं, यंत्रावर ठेवलं. ते हळू बोलत होते आणि अम्मा मान हलवत होत्या, जणू धीर द्यायची पाळी त्यांचीच होती. मला रडू फुटलं. अम्मा रडल्या नाहीत. डॉक्टरांचं बोलणं पूर्ण होऊ देऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला.

'कधी?'

'अर्धा तास झाला असेल,' डॉक्टर म्हणाले. 'त्यानंतरही आम्ही प्रयत्न करत होतो.'

अम्मांनी मान माझ्याकडे वळवली.

'अर्ध्या तासापूर्वी गोष्ट कोठे होती?'

भिंतीवर घड्याळ होतं. ते आम्हा दोघींनाही दिसत होतं. अर्ध्या तासापूर्वी मी वीज घालवली होती आणि त्यांनी ती नाकारली होती. तेव्हा दोरी वरच होती, मान वाकलेलीच होती, आणि तिथून आम्ही कितीतरी वेळ हललो नव्हतो. दूध वर आलं ते आत्ता, डॉक्टर बाहेर यायच्या जरासं आधी. अम्मांना ते माझ्याइतकंच माहीत होतं. अडवून धरलं होतं ते त्यांनीच.

'गॅस बंद झाला होता, अम्मा,' मी म्हटलं. 'तो जिना उतरत होता.'

माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

'हो,' त्या म्हणाल्या. 'दार मीच लावून घेतलं त्याच्यामागे.'

मग त्या उठल्या, पदर सारखा केला आणि डॉक्टरांच्या मागून आत गेल्या.